पायोनियर : वाट पाडणाऱ्यांचा शब्द

इंग्रजीत ‘पायोनियर’ हा आज मोठ्या मानाचा शब्द आहे. एखाद्या शास्त्राचा, चळवळीचा किंवा उद्योगाचा पाया घालणाऱ्यांना तो लावतात. त्याचा जन्म मात्र सैन्यातल्या सर्वांत खालच्या पायरीवर झाला. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’ म्हणतात. त्यावरून पायी लढणाऱ्या साध्या शिपायासाठी जुन्या फ्रेंचमध्ये शब्द तयार झाला आणि तोच सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘पायोनियर’ होऊन आला. घोडेस्वार, तोफखाना आणि सरदार पोचण्याआधी हे लोक कुदळ-फावडी घेऊन पुढे जात. झाडे तोडणे, खड्डे बुजवणे, ओढ्यावर साकव टाकणे, तटाखाली सुरुंग खणणे ही त्यांची कामे. शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द येतो तो अशाच मातीत राबणाऱ्या हलक्या दर्जाच्या शिपायासाठी. ‘नव्या मार्गाचा प्रवर्तक’ हा अर्थ पुढे त्यातूनच निघाला.

या शब्दाचे गोत मराठी माणसाच्या रोजच्या ओळखीचे आहे. कचेरीतला ‘प्यून’ पायदळाच्या शिपायासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला, आणि बुद्धिबळातल्या प्याद्याला इंग्रजीत ‘पॉन’ म्हणतात तेही याच घराण्यातले. आपले ‘प्यादे’ फारसीतून आले. संस्कृत ‘पदाति’ आणि मराठी ‘पाय’ धरले, तर हे सगळे शब्द फार मागे जाऊन एकाच मुळाला मिळतात.

मराठ्यांच्या फौजेतही हे काम करणारे लोक होते. त्यांना बेलदार म्हणत. फारसीत ‘बेल’ म्हणजे फावडे, आणि फावडे बाळगणारा तो बेलदार. जुन्या कोशांत या शब्दाचा अर्थ ‘पायोनियर’ असाही दिलेला आहे. फौजेच्या अगदी पुढे चालणाऱ्या तुकडीला ‘बिनी’ म्हणत. तिच्यावरून बिनीवाले हे आडनाव रूढ झाले आणि ‘बिनीचा शिलेदार’ हा शब्दप्रयोग आजही भाषणांत ऐकू येतो. इथे दोन भाषांच्या वाटा फुटल्या. इंग्रजीने आद्य प्रवर्तकाला नाव दिले ते रस्ता खणणाऱ्याचे. मराठीने गौरवासाठी घोड्यावरचा बिनीवाला उचलला. बेलदार एका जातीच्या नावापुरता उरला. मराठी गौरवग्रंथांत लढणाऱ्यांची नावे भरपूर आणि खणणाऱ्यांची तुरळक सापडतात, त्याला ही निवड थोडीफार जबाबदार असावी.

रायगडच्या किनाऱ्याने तर ‘पुढे असणारा’ या अर्थाचा एक शब्द हिंदुस्थानभर गाजवला. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे, आणि पेशवा म्हणजे अग्रेसर. ज्या भट घराण्यात हे पद वंशपरंपरेने चालले ते मूळचे श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजी विश्वनाथ भट घाटावर आले आणि १७१३ मध्ये शाहूमहाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. पण पेशवा पुढे असतो तो अधिकाराने. पायोनियर पुढे असतो तो कामाने, आणि त्याच्या हाती बहुधा अधिकार नसतोच.

या शब्दाच्या शेजारी इंग्रजीत आणखी काही शब्द नांदतात आणि वापरताना त्यांची सरमिसळ होते. ‘प्रेडिसेसर’ म्हणजे त्याच जागेवर आधी असलेला. १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. मुंबईतल्या ट्राम विजेवर चालणार, त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतील उपकरणांची मोजमापे बिघडणार, हे ओळखून चुंबकीय मोजमापांचे काम अलिबागला हलवले गेले. कुलाब्याची वेधशाळा अलिबागच्या वेधशाळेची प्रेडिसेसर ठरते. तसेच १९८१ पर्यंत चालत आलेले कुलाबा जिल्हा हे नाव रायगड या नावाचे प्रेडिसेसर होय. त्यात कर्तबगारी अभिप्रेत नाही, केवळ क्रम आहे.

‘हार्बिंजर’चा अर्थ वेगळा. सैन्य किंवा राजाचा लवाजमा येण्याआधी पुढे जाऊन मुक्कामाची सोय लावणारा तो हार्बिंजर. बंदरासाठीचा ‘हार्बर’ हा शब्दही आसरा या अर्थाच्या त्याच मुळाचा आहे. आज येऊ घातलेल्या गोष्टीची वर्दी देणाऱ्याला हार्बिंजर म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीस किनाऱ्यावर होड्या ओढून शाकारायला लागतात, नैऋत्येकडून ढग येऊ लागतात, चातक दिसू लागतो. चातक पावसाचा हार्बिंजर आहे, पाऊस त्याने आणलेला नाही. मराठीतला ‘अग्रदूत’ इथे नेमका बसतो. ‘फोररनर’ आणि ‘प्रीकर्सर’ यांचा शब्दशः अर्थ पुढे धावणारा. पुढे मोठ्या रूपात जे घडले त्याचे लहान किंवा अपुरे रूप आधी कुठे दिसले असेल, तर ते या शब्दांनी सांगतात. रसायनशास्त्रात ज्या द्रव्यापासून दुसरे द्रव्य तयार होते त्याला प्रीकर्सर म्हणतात, तेही याच अर्थाने.

‘पहिला’ आणि ‘पायोनियर’ यांतला फरक सर्वांत जास्त जपावा लागतो. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मान मोठा होता, पण बँक आधीपासून होती आणि गव्हर्नरचे पदही होते. त्या पदावरचे ते पहिले भारतीय, इतकेच म्हणणे बरोबर. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही ठरले. ती निवड गांधीजींची होती. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत एका जमीनदाराने जमीन देऊ केली आणि विनोबांनी तिथून गावोगाव पायी फिरत भूदान मागायला सुरुवात केली. तिथे मात्र ते पायोनियर होतात, कारण त्याआधी ती वाटच नव्हती. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी येऊ शकतात आणि दोन्हींना एकच शब्द लावला की दुसरीचे मोल कमी होते.

शास्त्रानेही हा शब्द उचलला. उघड्या, नापीक जागेवर जी वनस्पती प्रथम रुजते तिला पर्यावरणशास्त्रात ‘पायोनियर’ प्रजाती म्हणतात. रायगडच्या खाड्यांत हे काम तिवर करते. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांच्या काठी भरती-ओहोटीने गाळ साचतो. तो खारा, मऊ आणि दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा असतो. साध्या झाडाची मुळे तिथे हवेवाचून कुजतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात आणि ओहोटीला हवा घेतात. शोषलेले जादा मीठ त्याच्या पानांवाटे बाहेर पडते. बी झाडावर असतानाच अंकुरायला लागते, त्यामुळे पाण्यात पडून चिखलाला टेकले की रोप लवकर तग धरते. मुळांच्या जाळ्यात गाळ अडकतो, जमीन हळूहळू उंचावते, घट्ट होते, आणि मग काजळा, किरपा यांसारख्या दुसऱ्या जातींना जागा मिळते. समुद्राच्या तोंडाशी पांढरी चिप्पीही अशीच आघाडीवर असते. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. या शास्त्रीय वापरात शब्दाचा गाभा स्वच्छ दिसतो. तिवर आधी आले म्हणून पायोनियर नाही. त्याच्यामुळे पुढच्यांना उभे राहता आले म्हणून ते पायोनियर.

त्याच चिखलात माणसांनीही फावडी घातली. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला सखल पट्टा खारेपाट म्हणून ओळखला जातो. इथली भातशेती बहुतांशी खाडीकडून मिळवलेली आहे. माती आणि दगडाचे बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, बांधात उघाडी ठेवून पावसाळ्यातले गोडे पाणी बाहेर काढायचे, आणि पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत वाट पाहायची. पहिली काही वर्षे पीक जवळजवळ नसतेच. म्हणून नव्या लागवडीला सुरुवातीला सवलत देऊन मग सारा चढवत नेण्याची इस्ताव्याची पद्धत मराठी राज्यात होती. बांधाला एका उधाणात खांड गेली की वर्षांची मेहनत खारी होई. दुरुस्तीला एकट्याचे घर पुरत नसे, सगळ्या गावाला उतरावे लागे. आगरी, कोळी आणि इतर कष्टकरी जातींच्या पिढ्या या बांधांवर राबल्या. मूळ अर्थाने पायोनियर कोणाला म्हणायचे तर यांना, आणि त्यांपैकी कोणाचेही नाव कुठल्या शिलालेखावर नाही.

शब्दाची एक काळी बाजूही इथेच सांगितली पाहिजे. अमेरिकेत पश्चिमेकडे सरकणाऱ्या गोऱ्या वसाहतकारांना पायोनियर म्हणण्याची रीत पडली. जणू ती जमीन रिकामी होती. तिथे आधीपासून राहणारे मूळ लोक त्या शब्दाच्या आड गेले. ‘नव्या भूमीवर पहिले पाऊल’ असे वर्णन कुठेही वाचले, तरी ती भूमी कोणाला नवी होती हा प्रश्न विचारायला हवा. बांध घालण्यापूर्वी खाडीतली तिवरे ओसाड नव्हती. तिथे निवट्या, चिंबोऱ्या, कालवे मिळत आणि त्यांवर घरे चालत.

खारेपाटाची जमीन ज्यांनी राबून पिकती ठेवली, त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर ती नव्हती. खोत आणि सावकार जमिनीचे धनी, कसणारा कूळ. कबुलायतीवर अंगठा द्यायचा, पिकातून खंड भरायचा, वर वेठ आणि नजराणे. कूळ कधी काढून टाकतील याला नेम नसे. नारायण नागू पाटील यांनी या कुळांना संघटित करायला सुरुवात केली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांची सभा भरली आणि तिथे ठरले, की वाजवी वाटा मिळेपर्यंत खोतांची जमीन कसायची नाही. चरीसह २५ गावे संपात उतरली.

गिरणीतला संप समजायला सोपा असतो. शेतकऱ्याने शेत ओस टाकणे ही वेगळीच गोष्ट आहे, कारण त्यात उपाशी राहण्याची पहिली पाळी त्याचीच येते. संपकऱ्यांनी रानातला लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, शेतांत गवत माजले. संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे टिकला. डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनीच मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईला विधिमंडळावर गेले.

विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात कुळांना संरक्षण देणारा कायदा आला आणि ‘संरक्षित कूळ’ ही ओळख कागदावर उमटली. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि त्यानंतर १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले, अशी ती पुढची साखळी. चरीच्या संपाला कुळकायद्याचा फोररनर म्हणतात तो यामुळे. हे म्हणणे सैल नाही. आधी एक घटना आणि नंतर दुसरी, एवढ्याने कोणी पूर्वसूरी ठरत नाही. दोहोंना जोडणारा धागा दाखवता आला पाहिजे. इथे मागणी तीच, कोकणातली कुळे तीच, आणि चरीच्या व्यासपीठावरून विधिमंडळात गेलेला नेताही तोच. कायदा एकट्या चरीमुळे झाला असे नाही. देशभर शेतकऱ्यांचे लढे चालू होते आणि १९३७ मध्ये निवडून आलेल्या प्रांतिक सरकारांवर त्यांचे दडपण होते. फोररनर या शब्दाला इतका दावा लागतही नाही. चरीच्या लोकांना मात्र पायोनियर म्हणायला हवे, कारण जमीन पडीक ठेवून मालकाला वाकवता येते ही वाट त्यांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन पाडली.

पूर्वसूरींचे दुसरे, आणखी हृदयाला भिडणारे उदाहरण सावित्री नदीच्या काठचे आहे. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याच्या लगेच मागे दोन ठराव होते. सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला. ज्या परिषदेतून हा सत्याग्रह घडला ती सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि रामचंद्र बाबाजी मोरे यांनी जुळवून आणली. पण त्याच्याही कितीतरी आधी, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन परतले होते. ते जोतीराव फुल्यांच्या विचारांचे. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. अस्पृश्यता कोणत्या शास्त्राने सांगितली, असे त्यांनी धर्ममार्तंडांना छापील प्रश्न विचारले. लष्करात महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज तयार केला. १८९५ मध्ये ते महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरून सवर्ण सभासदांनी गहजब केला. १९०० मध्ये ते गेले. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले जायला तेव्हा २७ वर्षे अवकाश होता.

वलंगकरांना कोणता शब्द लावावा? त्यांच्या हयातीत तळे खुले झाले नाही, भरतीची बंदी उठली नाही, मोठी संघटना उभी राहिली नाही. यशाच्या हिशेबाने मोजले तर खाते रिकामे दिसेल. पण सनदशीर अर्ज, छापील पुस्तिका, शास्त्राधाराला थेट आव्हान आणि सार्वजनिक संस्थेतली जागा, ही जी साधने पुढच्या दलित चळवळीने वापरली ती सगळी त्यांच्या कामात आधीच दिसतात. फोररनर हा शब्द अशा माणसांसाठीच आहे. त्याची एक अडचण अशी, की तो मागाहूनच देता येतो. स्वतःला कोणी पूर्वसूरी म्हणवून घेऊ शकत नाही, कारण त्यासाठी नंतर कोणीतरी यावे लागते.

एकाच क्षेत्रात हे दोन शब्द दोन माणसांत कसे वाटले जातात हे कामगार चळवळीत पाहता येते. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावी १८७९ मध्ये जन्मलेल्या ना. म. जोशी यांना भारतीय ट्रेड युनियन चळवळीचे पायोनियर म्हणतात. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग आणि १९२० मध्ये आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकातच मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि रविवारच्या सुट्टीसाठी झगडा दिला. वर्गणी, घटना, रीतसर सभासद अशी पुढच्या युनियनची बांधणी तिला नव्हती. म्हणून काही लेखक लोखंड्यांना फोररनर आणि जोशींना पायोनियर म्हणतात. ही वाटणी पूर्ण न्याय्य आहे असे वाटत नाही. गिरणीच्या दारात मजुरांना एकत्र करणाऱ्याने वाट पाडली नाही असे कसे म्हणता येईल? दोघांनाही ‘पायोनियर’ म्हणण्याने व्याकरण बिघडत नाही, कारण इंग्रजीत ‘पायोनियरांपैकी एक’ असे म्हणण्याची सर्रास पद्धत आहे. शब्द मुळात एका माणसाचा नव्हताच, तुकडीचा होता.

तुकडीचा हा अर्थ लष्करात बराच काळ टिकून होता. ब्रिटिश हिंदी सैन्यात बाँबे पायोनियर्स, मद्रास पायोनियर्स, शीख पायोनियर्स अशी दले होती. त्यांचे सैनिक रस्ते बांधत आणि वेळ पडली की लढत. १९३३ मध्ये ही दले मोडली गेली. योगायोग असा, की चरीचा संप त्याच वर्षीचा.

वापराबद्दल आणखी थोडे. इंग्रजीत ‘पायोनियर’ क्रियापदासारखाही चालतो, तेव्हा त्याचा अर्थ एखादी पद्धत प्रथम सुरू करून रूढ करणे असा होतो. त्यात ‘रूढ करणे’ महत्त्वाचे. एखाद्याने शोध लावून तो पेटीत बंद ठेवला, तर तो संशोधक खरा, पायोनियर नव्हे. ‘पहिला पायोनियर’ ही द्विरुक्ती होते. जाहिरातींतून हा शब्द इतका उधळला गेला आहे, की नवे दुकान उघडणाराही स्वतःला पायोनियर म्हणवतो. लेखात तो वापरताना कोणती वाट पाडली आणि तिच्यावरून मागून कोण चालले, एवढे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो गाळलेला बरा.

मराठीत याला एकच प्रतिशब्द नाही आणि त्याची गरजही नाही. विचाराची किंवा संस्थेची सुरुवात असेल तर ‘आद्य प्रवर्तक’. ज्ञानपरंपरेत आधी होऊन गेलेल्यांसाठी ‘पूर्वसूरी’. पण सूरी म्हणजे विद्वान, त्यामुळे संपकरी शेतकऱ्यांना तो थोडा ओढूनताणून लागतो. ‘प्रणेता’ आणि ‘जनक’ यांत एकट्याच्या कर्तृत्वाचा सूर आहे. ‘मुहूर्तमेढ रोवली’ हे समारंभाला शोभते. लोकांच्या तोंडी असलेला ‘पायंडा पाडला’ हा वाक्प्रचार मूळ अर्थाला सर्वांत जवळचा, कारण पायंडा म्हणजे पायाखाली पडलेली वाट, आणि मग तिच्यावरून चालत आलेली रीत. अलीकडे ‘वाईट पायंडा पडेल’ अशा तक्रारीच्या सुरातच तो जास्त ऐकू येतो. चरीच्या २५ गावांनी पायंडा पाडला, वलंगकरांनी पायंडा पाडला, असे लिहिले तर मराठी वाचकाला ते लगेच कळते, आणि बेलदाराच्या फावड्याचा मानही त्यात राखला जातो.